ऐकू आलं नाही, परत सांगाल?

एक छोटासा प्रयोग करून बघा. रूममेटला समोर बसवा आणि आवाज न काढता, फक्त ओठ हलवून तीन शब्द म्हणा: पान, भान, मान. तुम्ही कोणता शब्द कधी म्हणालात, ते तिला ओळखायला सांगा. नाही जमणार. प, भ आणि म म्हणताना ओठ अगदी एकसारखे मिटतात. फरक असतो तो आवाजात. आवाजच पोचत नसेल, तर हातात उरतो फक्त अंदाज.

आता हाच खेळ जरा अवघड करू. समजा तुम्ही बास्केटबॉलच्या कोर्टवर आहात. हजारो प्रेक्षक ओरडतायत. कोच साइडलाइनवरून काहीतरी सांगतायत, मागून टीममेट हाक मारतेय, रेफ्रीनं शिट्टी वाजवली की नाही ते कळत नाहीये. आणि हे सगळं तुम्हाला अर्धवट, तुटक किंवा अजिबात ऐकू येत नाहीये.

तमिका कॅचिंग्ज हे नाव तुम्ही ऐकलंय का? मीही दोन महिन्यांपूर्वीपर्यंत ऐकलं नव्हतं. जन्मापासून दोन्ही कानांना मध्यम ते तीव्र स्वरूपाचा बहिरेपणा असलेली ही अमेरिकन मुलगी वर दिलेल्या परिस्थितीत १५ सीझन व्यावसायिक बास्केटबॉल खेळली. चार ऑलिंपिक गोल्ड मेडल्स, एक लीग चॅम्पियनशिप, एकदा लीगची सर्वोत्तम खेळाडू, पाच वेळा सर्वोत्तम डिफेंडर. आज ती जगभर व्याख्यानं देते, मुलामुलींशी बोलते.

‘जिद्द असेल तर काहीही शक्य आहे’ या वाक्यावर हा लेख इथेच संपवता आला असता. तशी रील्स आपण रोज दहा बघतो आणि अकराव्याला वर सरकवतो. पण तिची गोष्ट वाचताना मी अडकले ती वेगळ्याच ठिकाणी. मेडल्स कशी मिळाली याच्यापेक्षा, तिनं एक गोष्ट फेकून दिली आणि बऱ्याच वर्षांनी ती परत कशी घेतली, या ठिकाणी.

गवतात गेलेलं मशीन

तमिकाचा जन्म १९७९ चा, न्यू जर्सी राज्यातला. वडील हार्वी कॅचिंग्ज ‘एनबीए’मध्ये, म्हणजे पुरुषांच्या व्यावसायिक लीगमध्ये ११ सीझन खेळलेले. त्यामुळे घरात बास्केटबॉल होताच. शिवाय बिऱ्हाड सतत पाठीवर. वडील इटलीत खेळायला गेले, तेव्हा सगळं कुटुंब तिकडे गेलं. तिथं जो ब्रायंट नावाचे त्यांचे जुने टीममेट होते. त्यांचा मुलगा तमिकापेक्षा जेमतेम वर्षानं मोठा. त्याचं नाव कोबी. हो, तोच कोबी ब्रायंट! परक्या देशात, परक्या भाषेत, ही दोन अमेरिकन कुटुंबं एकमेकांना धरून होती. या दोन मुलांची पुढची गाठ लक्षात ठेवा, शेवटी लागेल.

इटलीनंतर टेक्सस, मग इलिनॉय. दर वेळी नवी शाळा, नवा वर्ग, नवे चेहरे. आपल्यापैकी ज्यांच्या वडिलांची बदलीची नोकरी आहे, त्यांना हे बरोब्बर कळेल. आणि तमिकाच्या बाबतीत तर नव्या वर्गाला चिडवायला आयतं सामान होतं. दोन्ही कानांमागे मोठाली श्रवणयंत्रं, डोळ्यांवर चष्मा, दातांना तारा, आणि बोलणं जरासं वेगळं.

बोलणं वेगळं का, ते थोडक्यात सांगते. बहिरेपणा म्हणजे आवाजाचं बटण पूर्ण बंद, असं आपल्याला वाटतं. बहुतेक वेळा तसं नसतं. काही आवाज येतात, काही येतच नाहीत. अनेकांना स, श, फ, थ यांसारखे बारीक, उंच पट्टीचे आवाज ऐकू येत नाहीत. मग वाक्य ऐकू येतं, पण त्यातली काही अक्षरं गळालेली असतात. जे अक्षर कधी नीट ऐकलंच नाही, ते नीट उच्चारणार कसं? त्यामुळे ऐकण्याचा प्रश्न बोलण्यातही उतरतो. आणि पोरं हसतात ती बोलण्याला.

प्राथमिक शाळेत असताना एके दिवशी शाळेतून घरी येताना तमिकानं कानांतली यंत्रं काढली आणि सरळ गवताच्या मैदानात भिरकावून दिली. मशीन नाही, तर चिडवणं नाही. किती सोपं! लहान मुलीच्या डोक्यात हा हिशोब अगदी पक्का होता.

यंत्रं सापडली नाहीत. आणि पुढची बरीच वर्षं ती त्यांच्याशिवायच वावरली.

दुप्पट अभ्यास, दुप्पट सराव

मग तिनं काय केलं? जे ऐकू येत नव्हतं, ते डोळ्यांनी भरून काढलं. वर्गात पुढच्या बाकावर बसायची. शिक्षकांचे ओठ वाचायची. धडा वर्गात शिकवायच्या आधीच घरी वाचून जायची, म्हणजे ओठांवरचा कोणता शब्द असू शकतो, याचा अंदाज आधीच तयार. (‘पान, भान, मान’ आठवतंय ना? धडा झाडांवरचा आहे हे माहीत असेल, तर ‘पान’ ओळखता येतं.)

आणि सुटका होती ती कोर्टवर. तिथं बोलायची फारशी गरज नव्हती. चेंडू कुणाकडे आहे, समोरचीची नजर कुठे आहे, खांदा कुठल्या बाजूला झुकलाय, हे सगळं दिसायचं. वर्गात जी मुलगी वेगळी पडायची, तीच कोर्टवर सगळ्यांना हवी असायची. थोरली बहीणही उत्तम खेळायची, त्यामुळे घरी दारातच तोडीस तोड स्पर्धा.

सातवीत असताना तिनं ध्येय लिहून ठेवलं: वडिलांसारखं एनबीएमध्ये खेळायचं. गंमत बघा. एनबीए ही पुरुषांची लीग. बायकांची ‘डब्ल्यूएनबीए’ तेव्हा अस्तित्वातच नव्हती. ती स्थापन झाली १९९६ मध्ये आणि पहिला सीझन झाला १९९७ मध्ये. म्हणजे या मुलीनं जे स्वप्न पाहिलं, ते ठेवायला तेव्हा जगात जागाच नव्हती. पण तिला कुणी तसं सांगितलं असतं, तरी ते तिला ऐकू आलं नसतं, असं मला उगाच वाटून गेलं.

इलिनॉयमध्ये बहिणीसोबत खेळताना १९९५ साली शाळेनं राज्यस्तरीय विजेतेपद जिंकलं आणि तमिका राज्याची ‘मिस बास्केटबॉल’ ठरली. त्यानंतर आईवडील वेगळे झाल्यावर ती आईसोबत टेक्ससमधल्या डंकनव्हिल या गावी आली. तिथं शाळेच्या एका मॅचमध्ये तिनं २५ पॉइंट्स, १८ रिबाउंड्स, ११ असिस्ट्स, १० स्टील्स आणि १० ब्लॉक्स असा स्कोअर केला. बास्केटबॉल न खेळणाऱ्यांसाठी सांगते: पाचही बाबतींत दोन आकडी संख्या. याला ‘क्विंटुपल डबल’ म्हणतात. क्रिकेटमध्ये एकाच मॅचमध्ये कुणी शतक ठोकलं, सहा विकेट्स घेतल्या, चार कॅच पकडले आणि वर दोन रनआउटही केले, तर जसं वाटेल, तसंच काहीसं.

इथवर गोष्ट मोटिव्हेशनल व्हिडिओसारखीच जाते, नाही का? मुलीला अडचण आहे, मुलगी दुप्पट मेहनत करते, मुलगी जिंकते. संगीत वर जातं. पण एक गोष्ट लक्षात घ्या. ही सगळी दुप्पट मेहनत ती दोन कामांसाठी करत होती. एक, पुढे जाण्यासाठी. आणि दुसरं, आपल्याला ऐकू येत नाही हे कुणाला कळू नये म्हणून.

मी आणि माझी मान

इथे मला माझीच एक गोष्ट सांगावी लागेल. मी तालुक्याच्या गावातून, मराठी मीडियममधून पुण्यात मास कॉमला आले. पहिल्या सेमिस्टरला लेक्चर्स इंग्रजीत, तीही फास्ट. सर शेवटी विचारायचे, ‘‘एनी डाउट्स?’’ सगळा वर्ग माना हलवायचा. मीही हलवायची. एकदा सर म्हणाले, उद्या ‘इन्व्हर्टेड पिरॅमिड’मध्ये बातमी लिहून आणा. मी हसून मान डोलावली आणि हॉस्टेलवर येऊन गुगलवर इजिप्तचे फोटो बघत बसले. (बातमीत सगळ्यात महत्त्वाची माहिती सगळ्यात आधी लिहायची, याला ते नाव आहे. आता माहितीये!)

भाषा न कळणं आणि ऐकू न येणं या दोन गोष्टी सारख्या नाहीत, हे मला कळतं. इंग्रजी मी शिकले. कान असे शिकून येत नाहीत. पण ती हसून मान डोलावणं मात्र माझ्या फार ओळखीचं निघालं. समोरचा काय म्हणाला ते कळलेलं नाही, परत विचारलं तर आपण ‘ढ’ ठरू, म्हणून ‘हो हो’ म्हणून मोकळं व्हायचं. नंतर घरी जाऊन चौपट कष्ट करायचे, पण विचारायचं नाही.

तुम्ही काय लपवता? फी भरायला उशीर झाल्याचं? बॅकलॉग राहिल्याचं? फळ्यावरचं दिसत नाही, पण चष्मा लावायचा नाही, हे? प्रत्येकाचं काहीतरी असतंच. आणि ते लपवायला जी ताकद लागते, तिचा हिशोब आपण कधीच मांडत नाही.

टेनेसीच्या कोच मॅडम

तमिकाला तो हिशोब मांडायला लावला एका बाईनं. पॅट समिट हे त्यांचं नाव. टेनेसी विद्यापीठाच्या महिला संघाच्या कोच. १०९८ विजय आणि आठ राष्ट्रीय विजेतेपदं त्यांच्या नावावर आहेत. त्यांची जरब अशी, की नुसतं रोखून बघितलं तरी खेळाडू सरळ व्हायच्या. शाळेत असताना टीव्हीवर चॅनेल बदलता बदलता तमिकाला त्या करड्या नजरेच्या बाई दिसल्या आणि खेळायचं तर यांच्याकडेच, हे तिनं ठरवून टाकलं.

१९९७ मध्ये ती टेनेसीत आली. आणि ज्या कोचसाठी आली, त्यांनी तिला एक दिवस बोलावून थेट विषय काढला. तुला नीट ऐकू येत नाही, तू परत श्रवणयंत्रं वापरायला हवीस, आणि उच्चारांसाठी स्पीच थेरपिस्टकडेही जायला हवंस.

कल्पना करा. इतकी वर्षं जे झाकलं, तेच कुणीतरी टेबलावर काढून ठेवलं. आणि तेही अशा वेळी, जेव्हा यंत्राशिवायही ती देशातल्या सर्वोत्तम शालेय खेळाडूंमध्ये गणली जात होती. ‘‘माझं काय अडलंय?’’ असं म्हणायला तिच्याकडे भक्कम पुरावा होता. पण समिट मॅडमचं म्हणणं वेगळं होतं. तू हे लपवलंस तर ते फक्त तुझं ओझं राहील. तू हे मोकळेपणानं सांगितलंस, तर पुढे तुझ्यामुळे कितीतरी जणांना बळ मिळेल. असा त्या सांगण्याचा अर्थ होता.

तमिकानं यंत्रं परत घातली. थेरपीला जायला लागली. आपल्याला कमी ऐकू येतं, हे चारचौघांत बोलायला लागली.

माझ्या मते या संपूर्ण गोष्टीतला सगळ्यात धाडसाचा क्षण हा आहे. फेकणं सोपं होतं. एका हिसक्याचं काम. परत घालणं म्हणजे रोज सकाळी आरशासमोर उभं राहून, ‘मला मदत लागते’ हे स्वतःशी कबूल करणं. आणि ते केल्यामुळे ती कमी पडली का? त्याच पहिल्या वर्षी, १९९७-९८ च्या सीझनमध्ये, टेनेसीनं ३९ पैकी ३९ मॅचेस जिंकल्या. फायनलमध्ये लुइझियाना टेकविरुद्ध फर्स्ट इयरच्या या मुलीनं २७ पॉइंट्स केले.

थांबा, इथे एक घोळ होऊ शकतो. मशीन लावलं म्हणून जिंकली, असं मी म्हणत नाहीये. श्रवणयंत्र म्हणजे चष्म्यासारखं लावलं आणि सगळं लख्ख, असं नसतं. ते आवाज मोठा करतं, पण गर्दीतला गोंगाटही मोठा करतं. कुणाला ते उपयोगी पडतं, कुणाला नाही. अनेक कर्णबधिर मंडळी यंत्र न वापरता सांकेतिक भाषेत बोलतात आणि ती त्यांची स्वतःची, भरभक्कम भाषा आहे. मशीन वापरायचं की नाही, हा ज्याचा त्याचा निर्णय. प्रश्न एवढाच, की तो निर्णय आपण कशासाठी घेतो. स्वतःच्या सोयीसाठी, की हसणाऱ्यांच्या भीतीनं?

कानांनी नाही, डोळ्यांनी

पुढचा प्रवास काही सरळ रेषेत गेला नाही. २००० साली ती देशातली सर्वोत्तम कॉलेज खेळाडू ठरली. आणि शेवटच्या वर्षी, जानेवारी २००१ मध्ये, ऐन सीझनमध्ये तिच्या गुडघ्याचा ‘एसीएल’ हा लिगामेंट फाटला. कॉलेज करिअर तिथंच थांबलं. व्यावसायिक संघांची निवड, म्हणजे ड्राफ्ट, अवघ्या तीन महिन्यांवर. तरीही इंडियाना फीव्हर या संघानं तिसऱ्या क्रमांकावर तिची निवड केली. वर्षभर ती खेळू शकणार नाही, हे माहीत असताना!

ती अख्खा २००१ चा सीझन बाकावर बसून राहिली. २००२ मध्ये कोर्टवर उतरली आणि त्या वर्षीची सर्वोत्तम नवोदित खेळाडू ठरली. फीव्हर संघही त्याच वर्षी पहिल्यांदा प्लेऑफ्समध्ये पोचला. नंतर २००७ मध्ये प्लेऑफ्स चालू असताना टाचेवरचा स्नायुबंध, अकिलीज, तुटला. पुढच्याच वर्षी ती बीजिंग ऑलिंपिकमध्ये खेळून गोल्ड घेऊन आली. अथेन्स २००४, बीजिंग २००८, लंडन २०१२, रिओ २०१६. चार ऑलिंपिक, चार गोल्ड.

पण तिची खरी ओळख होती डिफेन्स. निवृत्त झाली तेव्हा डब्ल्यूएनबीएच्या इतिहासात सर्वाधिक स्टील्स तिच्या नावावर होते: १०७४. स्टील म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या हातातून किंवा पासमधून चेंडू पळवणं. त्यासाठी पास निघायच्या आधी तो कुठे जाणार हे कळावं लागतं. आता विचार करा. जी मुलगी लहानपणापासून माणसांचे चेहरे, ओठ, खांदे, नजरा वाचून पुढचा शब्द ओळखत आली, तिला पुढचा पास ओळखता येणं फार नवलाचं नाही. जगण्यासाठी जे शिकली, तेच खेळात कामी आलं.

चॅम्पियनशिप मात्र हुलकावणी देत राहिली. २००९ मध्ये फायनलला पोचले आणि शेवटच्या, पाचव्या मॅचमध्ये हरले. २०११ मध्ये ती लीगची सर्वोत्तम खेळाडू ठरली, पण ट्रॉफी नाही. अखेर २०१२ मध्ये, ३३ व्या वर्षी, समोर आदल्या वर्षीचे विजेते मिनेसोटा लिंक्स. फीव्हरनं मालिका ३-१ अशी जिंकली. शेवटच्या मॅचमध्ये तमिकाचे २५ पॉइंट्स होते. फायनल्सची सर्वोत्तम खेळाडू तीच. डब्ल्यूएनबीएमधलं संपूर्ण करिअर एकाच संघात काढून २०१६ मध्ये ती निवृत्त झाली. त्याच वर्षी जूनमध्ये पॅट समिट गेल्या. स्मृतिभ्रंशाच्या आजारानं त्यांचं कोचिंग आधीच थांबवलं होतं.

जिला बोलता येत नाही म्हणून हसले...

आता मजा बघा. जिच्या बोलण्याला वर्ग हसायचा, ती आज बोलण्यासाठीच बोलावली जाते. कंपन्या, शाळा, कॉलेजं, तरुणांचे मेळावे, सगळीकडे. तिनं २००४ मध्येच ‘कॅच द स्टार्स’ नावाची संस्था काढली. इंडियानापोलिस शहरातल्या मुलामुलींसाठी ती संस्था फिटनेस, वाचन आणि मार्गदर्शनाचं काम करते. २०१६ मध्ये आत्मचरित्र आलं. काही वर्षं खेळाडूंच्या संघटनेची ती अध्यक्ष होती, म्हणजे मालकांसमोर बसून सगळ्यांच्या वतीनं बोलायचं काम. पुढे आपल्याच जुन्या संघाची जनरल मॅनेजर झाली. आणि हो, आवडतं चहाचं कॅफे बंद पडतंय म्हटल्यावर तिनं ते सरळ विकत घेतलं. चहाबाज वाचकांनी नोंद घ्यावी!

२०२० मध्ये बास्केटबॉलच्या हॉल ऑफ फेमसाठी नावं जाहीर झाली. त्यात तमिका कॅचिंग्ज होती आणि कोबी ब्रायंटही. इटलीतली ती दोन मुलं, दोघांच्याही जर्सीवर २४ नंबर, एकाच यादीत. पण कोबी तोवर हयात नव्हता. त्याच वर्षी जानेवारीत हेलिकॉप्टर अपघातात तो गेला होता. कोविडमुळे लांबलेला तो सोहळा मे २०२१ मध्ये झाला, तेव्हा तमिका स्टेजवर उभी होती आणि हजारो लोक तिचा शब्द न् शब्द ऐकत होते.

आपल्या वर्गातली ती

हे सगळं वाचल्यावर मला आमच्या वर्गातल्या एका मैत्रिणीची आठवण झाली. फर्स्ट इयरला ती कायम पहिल्या बाकावर. आम्ही तिला ‘सरांची लाडकी’ म्हणून चिडवायचो. कँटीनमध्ये ग्रुपबरोबर यायची, पण गप्पच असायची, नुसती हसायची. ‘भाव खाते’ असं आमचं मत झालं होतं. कितीदा हाक मारूनही तिनं वळून बघितलं नाही, म्हणून मी स्वतः एकदा म्हटलंय, ‘‘कानात बोळे घातलेत का गं?’’

सेकंड इयरच्या एप्रिलमध्ये, उकाड्यानं हैराण होऊन, तिनं कायम मोकळे असणारे केस वर बांधले. तेव्हा कानामागचं मशीन दिसलं.

मला काय बोलावं ते सुचेना. तीच म्हणाली, ‘‘अगं, तुम्ही सगळे एकदम बोलता ना, तेव्हा मला काहीच कळत नाही. मग मी आपली हसते.’’

दीड वर्ष! दीड वर्ष आम्ही एका टेबलावर चहा प्यायलो आणि आमच्या जोक्सना ती नुसती हसत होती. पहिल्या बाकाचं कारण लाडकेपणा नव्हता, ओठ दिसणं हे होतं. आमचे एक सर फळ्याकडे तोंड करून शिकवायचे. त्या लेक्चरला ती अक्षरशः पाठमोऱ्या शर्टाकडे बघत बसायची आणि रात्री पुस्तकातून सगळं काढायची. तमिकासारखंच. पण आमच्यातल्या एकालाही ते दिसलं नाही. कान तिचे कमी होते, कानाडोळा आमचा होता.

त्यानंतर एक दिवस तिनं वर्गात हात वर केला आणि म्हणाली, ‘‘सर, इकडे बघून बोलाल का? मला पाठीमागून ऐकू येत नाही.’’ वर्ग चिडीचूप. सर वळले, सॉरी म्हणाले, आणि त्या दिवसापासून लिहून झाल्यावर वळून बोलायला लागले. बस. एवढंच लागत होतं. एका वाक्याचं काम, पण ते वाक्य बोलायला तिला दीड वर्ष लागलं, कारण आम्ही तसं वातावरणच ठेवलं नव्हतं.

आणि खरं सांगू? तिच्या त्या एका वाक्यानंतर वर्गात अजून तीन-चार हात वर झाले. ‘‘सर, हे परत सांगाल?’’ त्यातला एक हात माझा होता.

तमिकाच्या आयुष्यात एक पॅट समिट आल्या. प्रत्येकाला अशी कोच भेटेलच असं नाही. पण शेजारच्या बाकावर बसलेली मैत्रीण म्हणून आपण निदान एवढं तरी करू शकतो, की कुणी ‘परत सांग’ म्हटलं, तर ‘जाऊ दे, काही नाही’ असं उत्तर द्यायचं नाही. परत सांगायचं. न चिडता, तोंड समोर ठेवून.

आणि तुम्हाला ऐकू आलं नसेल, कळलं नसेल, झेपलं नसेल, तर मान डोलावू नका. हात वर करा.

ग्रुपमध्ये कुणाला कमी ऐकू येत असेल तर...

* बोलताना चेहरा समोर आणि उजेडात ठेवा. तोंडावर हात, स्कार्फ किंवा वडापाव नको!
* ओरडू नका. ओरडताना ओठांचा आकार बदलतो आणि वाचणं अजून अवघड होतं. नेहमीच्या आवाजात, जरा सावकाश बोला.
* एका वेळी एकानंच बोला. विषय बदलला, तर तो एका शब्दात सांगा.
* लेक्चरच्या नोट्स, व्हिडिओचे सबटायटल्स, ग्रुपवर टाइप केलेला मेसेज, या छोट्या गोष्टींचा मोठा उपयोग होतो.
* दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ नुसार सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांमध्ये ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्यांसाठी किमान ५ टक्के जागा राखीव असतात. परीक्षेसाठी जादा वेळ मिळण्याची तरतूदही या कायद्यात आहे. आपल्या कॉलेजच्या ऑफिसमध्ये चौकशी करा.
* ऐकण्याबद्दल शंका असेल, तर ऑडिओलॉजिस्टकडे तपासणी करून घ्या. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था याच कामासाठी आहे.
* आणि इअरफोन्सचा आवाज कमी करा. जगभरात शंभर कोटींहून अधिक तरुण मोठ्या आवाजात ऐकण्याच्या सवयीमुळे कान गमावण्याच्या धोक्यात आहेत, असा जागतिक आरोग्य संघटनेचा इशारा आहे. हे वाक्य ऐकू आलं नसेल, तर परत वाचा.